एकच रात्र, दोन अल्बम: ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ आणि ‘द नाइट वॉच’

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचा मार्च १९७४ मधला ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हा अल्बम प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. घोळ होतो तो १९९७ साली निघालेल्या ‘द नाइट वॉच’ या दोन सीडींच्या संचाबाबत. पहिला स्टुडिओतला आणि दुसरा मैफलीतला, अशी वाटणी करून लोक मोकळे होतात आणि मग ‘फ्रॅक्चर’ ही रचना मैफलीतही मुळाच्या तोडीची उतरली आहे, असे निर्वाळे देत बसतात. ती तोडीची असणारच, कारण दोन्हीकडे तेच वादन आहे.

नावांचा गोंधळ किरकोळ आहे. ‘स्टारलेस’ हे प्रसिद्ध गाणे या दोहोंपैकी कशातच नाही, ते त्याच वर्षीच्या ‘रेड’ या अल्बममध्ये आहे. आणि ‘द नाइट वॉच’ हे मुळात रेम्ब्रांच्या चित्रावरचे गाणे असून संचाला त्याचेच नाव दिले आहे.

खरा मुद्दा असा की, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात रॉबर्ट फ्रिप (गिटार), जॉन वेटन (बेस आणि गायन), डेव्हिड क्रॉस (व्हायोलिन) आणि बिल ब्रुफर्ड (ड्रम) यांनी जो कार्यक्रम केला, त्याच्याच फितींवर हे दोन्ही अल्बम उभे आहेत. ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’मध्ये पूर्णपणे स्टुडिओत झालेली गाणी दोनच, ‘द ग्रेट डिसीव्हर’ आणि ‘लमेंट’. ‘वुई’ल लेट यू नो’ ग्लासगोच्या कार्यक्रमातून आले, ‘द मिन्सर’चा गाभा झुरिकचा असून त्यावर वेटनचा आवाज नंतर चढवला आहे, आणि तबकडीची दुसरी बाजू तर अख्खी कॉन्सर्टगेबाऊची आहे. टाळ्या काढून टाकल्यामुळे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, इतकेच. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून ‘वाहवा’ कापली म्हणून आपण तिला स्टुडिओतले गायन म्हणत नाही. मग रॉकच्या बाबतीत हा शहाणपणा कुठे जातो, हे मला कधीच उमगलेले नाही.

म्हणजे या दोहोंत फरक नाही असे नव्हे, फक्त तो वादनात नसून रचनाक्रमात आहे. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर आधी शीर्षकरचनेचे उत्स्फूर्त वादन येते, त्यातला अंधार सावकाश दाटत जातो आणि शेवटी ‘फ्रॅक्चर’ सुटते, त्यामुळे फ्रिपच्या गिटारवरची ती न थांबता धावणारी स्वरमालिका साऱ्या अल्बमचा निकाल लावणारी वाटते. ‘द नाइट वॉच’च्या क्रमात मात्र ‘फ्रॅक्चर’ चौथ्याच क्रमांकावर, ‘बुक ऑफ सॅटर्डे’ या छोट्या, हळव्या गाण्यानंतर येते आणि तिथे ती समारोप न राहता चौघांनी लवकरच मारलेली मोठी उडी ठरते. त्यानंतर ‘द नाइट वॉच’ हे गाणे सुरू होते. १९७४ च्या अल्बममध्ये त्याची फक्त सुरुवात त्या रात्रीची आहे. मेलोट्रॉनने, म्हणजे फितींवरचे स्वर वाजवणाऱ्या कळफलकाच्या वाद्याने, दगा दिल्यामुळे पुढचा भाग स्टुडिओत करून जोडावा लागला. संचात या गाण्यानंतर ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’चे उत्स्फूर्त वादन ऐकताना त्यातला अंधार योजलेला वाटत नाही. तेच स्वर, पण आधी काय घडले ते कळल्यावर कानावर वेगळे पडतात.

‘ट्रायो’ मात्र दोन्हीकडे तितकीच सुंदर आहे. व्हायोलिन, मेलोट्रॉन आणि बेस यांच्या या शांत वादनात ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून बसून राहिला, त्याने एकही आघात केला नाही, आणि त्या न वाजवण्याबद्दल त्याला रचनेच्या श्रेयात वाटा मिळाला.

स्टुडिओ विरुद्ध मैफल अशी तुलना करायचीच असेल, तर ती ‘लमेंट’ची करावी, कारण तिथे खरोखर दोन वेगळी वादने आहेत, नेमकी तीच सहसा कोणी करत नाही. तसेच संचातल्या ‘एक्झाइल्स’, ‘द टॉकिंग ड्रम’ आणि ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’चा दुसरा भाग यांची तुलना १९७३ च्या ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ या मूळ अल्बमशी करावी, ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’शी नव्हे.

माझा कौल विचाराल, तर अल्बम म्हणून १९७४ चीच तबकडी सरस आहे, कारण तिच्यात निवड आहे आणि निवडीमागे कान आहे. ‘द नाइट वॉच’ला ‘कच्ची आवृत्ती’ म्हणणाऱ्यांशी मात्र माझे मुळीच जमत नाही. कच्चे असते ते अपुरे असते. इथे उलट त्या रात्रीचे जे अल्बममध्ये मावले नव्हते, ते सगळे हाती येते, आणि त्यात ‘द फ्राइट वॉच’सारखे, आधीच्या अल्बममध्ये कुठेच नसलेले उत्स्फूर्त वादनही आहे. ज्यांच्याकडे पहिला आहे त्यांनी दुसरा घ्यावा, पण तो ‘फ्रॅक्चर’ पुन्हा ऐकण्यासाठी घेऊ नये.