गुलाबी बोंडअळी बीटीला दाद का देत नाही?

‘अळीला बीटीची सवय झाली’ असं कापूसपट्ट्यात सर्रास ऐकू येतं. बीटी म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे स्वतःच अळीला मारणारं विष बनवणारी कपाशी. सवय एकाही अळीला झालेली नाही. ज्या बीटी बोंड खाऊन मरणार होत्या त्या मेल्या. मोजक्या अळ्या जन्मतःच वेगळ्या होत्या. त्या तगल्या आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच वाढल्या. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

पहिल्या बीटी वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यातलं क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल, तर विषाला धरायला जागाच मिळत नाही. मात्र हा गुण अप्रभावी आहे: बिघडलेली प्रत नर आणि मादी दोघांकडून आली तरच अळी वाचते. समजा, हजार प्रतींत एक बिघडलेली आहे. मग वाचणारी अळी दहा लाखांत एक. तेच प्रमाण दहात एक झालं की शंभरात एक वाचते. म्हणूनच सुरुवातीची वर्षं शेतात काहीच जाणवत नाही.

हे रोखण्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जाई. ते २० टक्के क्षेत्रावर किंवा कडेच्या पाच ओळींत, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं होतं. तिथल्या अळ्यांचे साधे पतंग बीटीवर वाचलेल्या पतंगांशी जुळले, की त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. प्रत्यक्षात अनेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. हिरव्या बोंडअळीला तूर आणि हरभऱ्याचा आसरा आयताच मिळतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे तिच्यावरचा निवडीचा दाब सुटलाच नाही.

त्यात भर संकरित वाणांची, आणि याची चर्चा फार कमी होते. गुलाबी अळी बोंडातली सरकी खाते. संकरित झाडाच्या बोंडात जनुकं विभागली जातात, त्यामुळे चारांतल्या एका सरकीत विष नसतं. एकच बिघडलेली प्रत असलेल्या अळीला अशा अपुऱ्या मात्रेत जगायची संधी मिळते.

२००८ मध्ये गुजरातच्या अमरेलीत क्राय१एसीला न जुमानणाऱ्या अळ्या सापडल्या. दोन विषांचं बीजी-२ हे बीटी बियाणं तोवर, म्हणजे २००६ पासूनच बाजारात होतं. पण एका विषाचा पाडाव झाल्यावर सगळा भार दुसऱ्यावर आला आणि पुढे तेही चालेनासं झालं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात बीटी १९९६ पासून आहे. तिथे आधी बिगर-बीटी पट्टे राखले, २००६ पासून वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे फरदड घेतल्याने, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात ठेवल्याने, तिला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहतं. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) काढली आणि ती बांधावर रचून ठेवली नाही, तर पुढच्या हंगामाला पोचणारे पतंग कमी होतात. शेतात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असं समजावं.