एमडेसला चित्रकला लागतेच?

ठाणे, वाशीच्या घरांमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘चित्रकला चांगली असेल तरच डिझाइनला जा, आणि पुढे पोस्टरच करत बस.’ हा गैरसमज आहे. एमडेसला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, इंजिनिअर आणि आर्किटेक्टही जातात. त्यासाठीच्या सीड या प्रवेश परीक्षेत स्केचिंग असतं, हे खरं. पण समस्या ओळखण्याची कसोटीही असते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर स्ट्रॅटेजिक डिझाइन मॅनेजमेंट हा वेगळा अभ्यासक्रमच आहे. आणि हे शिक्षण नवंही नाही: पवईच्या आयआयटीतली आयडीसी ही डिझाइन शाळा १९६९पासूनची.

समजा, ठाणे स्टेशनच्या सॅटिसवरची, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंचावरल्या बसथांब्यावरची गर्दी हा विषय मिळाला. विद्यार्थी आधी रांगेत उभा राहतो. आजी बस कुठली हे कंडक्टरला विचारतात की शेजारच्याला? फलक कुणी वाचतं का? चुकीच्या रांगेतला माणूस बाहेर कधी पडतो? कदाचित लक्षात येतं, नवा फलक नकोच, माहिती जिना चढण्याआधी हवी. मग पुठ्ठ्याचा कच्चा नमुना, तो फसला की दुसरा. शेवटी खर्च कुणाचा, देखभाल कोण करणार, याचा हिशेब.

कंपन्यांच्या स्ट्रॅटेजी आणि इनोव्हेशनच्या कामात हेच लागतं: काय बनवायचं आणि काय बनवायचंच नाही, हे पुराव्यानिशी सांगता येणं. लिहिण्या-बोलण्याचा कंटाळा असेल, तर मात्र हे शिक्षण जड जातं. पालकांनी मुलांना आधी ते विचारावं.