सीमापार वीजजोडणी

दोन किंवा अधिक देशांच्या वीजग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारी जाळी, उच्चदाब वाहिन्यांनी जोडून विजेची देवाणघेवाण करण्याच्या व्यवस्थेला सीमापार वीजजोडणी म्हणतात. मनोरे, तारा आणि उपकेंद्रे हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. त्याआधी कैक वर्षे वाटाघाटी चालतात: कोणी किती वीज द्यायची, दर कोणत्या चलनात मोजायचा, वाहिनी मध्येच ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, तर अंधार कोणाच्या वाट्याला येणार. हे सगळे नियोजनात येते आणि अशा जोडण्या अडतात त्या बहुधा इथेच.

वीज पिंपात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या आल्या असल्या तरी अख्ख्या देशाची रात्र बॅटरीवर काढणे अजून परवडत नाही, म्हणून मागणी आणि निर्मिती यांचा मेळ दर क्षणाला घालावा लागतो. शेजाऱ्यांची चणचण आणि मुबलकता वेगवेगळ्या वेळी येत असेल, तर जोडणीने दोघांचेही भागते. नेपाळ आणि भूतानची बहुतेक वीज नद्यांच्या वाहत्या पाण्यावर तयार होते. पावसाळ्यात ती देशात खपत नाही. पौष-माघात नद्या रोडावल्या की हेच देश भारताकडून वीज घेतात. दिवसाच्या चोवीस तासांतही असा फरक सापडतो. मुंबईत संध्याकाळी सात वाजता घरोघरचे दिवे, पंखे, एसी सुरू होतात, तेव्हा रियाधमध्ये साडेचार वाजलेले असतात आणि तिथल्या सौर पॅनेलवर ऊन असते.

जोडण्याच्या दोन रीती

पहिली रीत दिशा सतत उलटणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे एसीची. यात दोन्ही ग्रिडची वारंवारता एकच होते. भारतात आणि युरोपात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असते. दोन चालू ग्रिड जोडताना नियंत्रण कक्षात सिंक्रोस्कोप नावाच्या तबकडीकडे लक्ष ठेवतात. तिचा काटा घड्याळासारखा फिरतो: एक बाजू वेगात असेल तर एका दिशेने, मागे असेल तर उलट. फिरणे मंदावत काटा बाराच्या जागी आला, दोन्हीकडचे व्होल्टेज जुळले, की ब्रेकर जोडतात. त्या क्षणापासून दोन्हीकडची सगळी जनित्रे एकाच तालात फिरू लागतात. एकाचे दुखणे मग दुसऱ्यालाही जाणवते. २०१८ च्या जानेवारी ते मार्च या काळात कोसोवो आणि सर्बिया यांच्या वादामुळे कोसोवोत वापरलेल्या विजेची भरपाई वेळेवर झाली नाही. युरोपभरची वारंवारता सरासरीने किंचित खाली राहिली. विजेच्या आवर्तनांवर चालणारी घड्याळे, अगदी स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरचीसुद्धा, दोन डझन देशांत सुमारे सहा मिनिटे मागे पडली.

दुसरी रीत एकदिश प्रवाहाची, म्हणजे डीसीची. एका बाजूला एसीची डीसी करायची, दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी. या रीतीला एचव्हीडीसी (उच्चदाब डीसी) म्हणतात. तिची परिवर्तक केंद्रे महाग असतात, पण दोन्ही ग्रिड आपापल्या तालात राहतात आणि किती वीज सोडायची ते ठरवता येते. वारंवारता वेगळ्या असतील तर बहुधा हाच मार्ग घेतात. सौदी अरेबियाची ग्रिड ६० हर्ट्झवर आणि तिच्या आखाती शेजाऱ्यांची ५० वर चालते. त्यांची २००९ मध्ये सुरू झालेली जोडणी अल-फधिली येथील अशा केंद्रातून जाते. समुद्राखालून लांबवर वीज न्यायची तर डीसीच हवी, कारण लांब केबलमध्ये एसीची बरीचशी क्षमता केबल भारित करण्यातच संपते. १९५४ मध्ये स्वीडनने गॉटलंड बेटाला अशी केबल टाकली. ब्रिटन आणि डेन्मार्क यांना जोडणारी, २०२३ च्या अखेरीस सुरू झालेली व्हायकिंग लिंक ७६५ किलोमीटर लांबीची आणि १४०० मेगावॉट क्षमतेची आहे.

या दोन रीतींतला फरक महाराष्ट्राने आपल्या अंगणात पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे १००० मेगावॉटचे परिवर्तक केंद्र पश्चिम आणि दक्षिण ग्रिडला जोडत होते, पण त्यांचे ताल वेगळे ठेवत होते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळल्या आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या मुलखात वीज गेली, तेव्हा दक्षिण भारतात दिवे चालू होते. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि देशभर एकच ताल आला. एकच ताल असलेली इतकी मोठी ग्रिड हाताशी आल्याने शेजाऱ्यांशी वीजव्यवहार वाढवणे सोपे झाले.

युरोपचा अनुभव

खंडव्यापी ग्रिडचा आराखडा ऑस्कर ऑलिव्हेन यांनी १९३० मध्ये बर्लिनच्या जागतिक ऊर्जा परिषदेत मांडला होता. प्रत्यक्ष सुरुवात १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लाउफेनबुर्ग येथे झाली. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या २२० केव्ही वाहिन्या एकत्र आल्या. आज युरोपातल्या पारेषण संस्थांची संघटना दर दोन वर्षांनी पुढच्या दहा वर्षांचा जोडणी आराखडा काढते.

हे शहाणपण ठेचा खाऊन आले. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे तीनच्या सुमारास इटली बाहेरून साडेसहा हजार मेगावॉटच्या आसपास वीज घेत होती. स्वित्झर्लंडमधल्या लुकमानियर खिंडीतली भाराने तापून सैल पडलेली वाहिनी झाडाच्या जवळ आली आणि ट्रिप झाली. तिचा भार दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि सुमारे पंचवीस मिनिटांत तीही गेली. मग उरलेल्या वाहिन्या एकामागून एक तुटल्या आणि सार्डिनिया सोडून जवळजवळ सगळी इटली अंधारात गेली. मधल्या पंचवीस मिनिटांत काय करायचे, ते कोणी कोणाला सांगायचे आणि ऐकणाऱ्याने किती वेळात आयात कमी करायची, याची घडी पक्की बसलेली नव्हती. तीन वर्षांनी, ४ नोव्हेंबर २००६ रोजी, जर्मनीत एम्स नदीतून मोठे प्रवासी जहाज जावे म्हणून एक वाहिनी बंद केली. ठरलेली वेळ बदलली होती आणि शेजारच्या संस्थांशी समन्वय अपुरा राहिला. युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फुटली.

युक्रेनची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. रशियाच्या ग्रिडपासून सुटून युरोपला जुळण्याआधी आपली ग्रिड एकटी चालू शकते हे तिला सिद्ध करायचे होते. त्या चाचणीसाठी २४ फेब्रुवारी २०२२ ला मध्यरात्रीनंतर ती रशियाच्या ग्रिडपासून सुटी झाली आणि त्याच पहाटे युद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली होती. बॉम्बवर्षावात ग्रिड एकटी चालवत अभियंत्यांनी तग धरला आणि १६ मार्चला युक्रेन व मोल्दोव्हा युरोपच्या तालात आले. हे काम मुळात २०२३ साठी योजलेले होते. आधीच्या काही वर्षांचा तांत्रिक अभ्यास तयार नसता, तर तीन आठवड्यांत हे घडले नसते.

दक्षिण आशिया

भूतानशी भारताचा वीजव्यवहार मोठा झाला तो ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पापासून. भारताने पैसा दिला, १९८६ ते १९८८ या काळात जनित्रे सुरू झाली आणि देशाची गरज भागवून उरलेली वीज भारताने घेतली. ताला (१०२० मेगावॉट) आणि मांगदेछू (७२० मेगावॉट) हे पुढचे मोठे प्रकल्प. इथे गिऱ्हाईक आणि सावकार एकच होता, म्हणून नियोजन सोपे गेले. हा नमुना सगळीकडे चालत नाही.

नेपाळचा रस्ता खडतर होता. सीमेवर छोट्या वाहिन्या पूर्वीपासून होत्या, पण त्या पुरत नव्हत्या; २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन चालू होते. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून दळण आणि पाण्याच्या मोटारीचे गणित बसवलेल्या मराठी माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नेपाळमधल्या ढल्केबरपासून बिहारमधल्या मुझफ्फरपूरपर्यंतची वाहिनी ४०० केव्हीसाठी बांधली, पण २०१६ मध्ये ती आधी १३२ केव्हीवर चालू केली, मग टप्प्याटप्प्याने दाब वाढवला. नेपाळकडचे उपकेंद्र तयार होईपर्यंत थांबायचे नाही, हा निर्णय फार मोलाचा ठरला. कुलमान घिसिंग यांनी नेपाळ विद्युत प्राधिकरणाची सूत्रे घेतल्यावर, या वाहिनीची वीज आणि देशातल्या वाटपाची शिस्त यांच्या बळावर, त्या वर्षीच्या दिवाळीपासून काठमांडूचे भारनियमन संपले. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारतीय वीजबाजारात वीज विकू लागला. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट भारताला देण्याचा करार झाला.

बांगलादेशशी मोठी जोडणी ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली: पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरपासून पद्माकाठच्या भेरामारापर्यंत. दोन्ही देशांचे ताल वेगळे ठेवायचे होते, म्हणून भेरामाराला ५०० मेगावॉटचे परिवर्तक केंद्र उभारले. २०१८ मध्ये क्षमता दुप्पट झाली. त्रिपुरातून कुमिल्लाला वीज जाते ती वेगळ्या युक्तीने. तिथला पट्टा बांगलादेशच्या ग्रिडपासून सुटा ठेवून थेट भारतीय ग्रिडवर चालवतात, त्यामुळे परिवर्तक केंद्राचा खर्चच वाचतो.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी भेरामाराची जोडणी अचानक बंद पडली. तीवरून येणारी सुमारे साडेचारशे मेगावॉट वीज म्हणजे बांगलादेशच्या त्या वेळच्या पुरवठ्याचा साधारण दहावा हिस्सा होता. वारंवारता धाडकन खाली आली, देशातली वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली आणि जवळजवळ सगळा देश कित्येक तास अंधारात राहिला. एकच मोठा घटक गळाला तरी बाकीची ग्रिड उभी राहिली पाहिजे, हा नियोजनातला पहिला नियम आहे. वाहिनीची क्षमता ठरवताना ती किती वीज आणू शकते एवढेच पाहून भागत नाही; ती क्षणात नाहीशी झाली तर घेणारा देश काही सेकंदांत तेवढी मागणी आपोआप तोडू शकतो का, किंवा तेवढी राखीव वीज उचलू शकतो का, हे आधी तपासावे लागते. नव्या जोडणीच्या चर्चेत उद्घाटनाचा आकडा मोठा असावा असा आग्रह असतो. धोका तिथेच असतो.

व्यवहारात हे काम समित्यांतून चालते. भारत आणि नेपाळ यांच्यात, भारत आणि बांगलादेश यांच्यातही, सचिवांची सुकाणू समिती, तिच्या खाली कार्यगट आणि संयुक्त तांत्रिक पथक अशी उतरंड आहे. वाहिनी कुठून कुठे न्यायची, दोन्हीकडच्या रोहित्रांवर किती भार पडेल, बिघाड होताच वाहिनी तोडणारे संरक्षण रिले किती सेकंदांवर लावायचे हे पथक ठरवते. भारतात मंजुरीचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरण पाहते. व्यवहारांचे नियम केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये घातले. सार्क देशांनी वीज सहकार्याचा करार नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत केला, तरी प्रत्यक्ष व्यवहार दोन-दोन देशांतच होत राहिले.

तिसऱ्या देशातून वीज न्यायची म्हटले की गाठ घट्ट बसते. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा आहे, सर्वांत अरुंद जागी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा. भारताच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्रिपक्षीय व्यवहाराला वाट दिली. तरी ४० मेगावॉटचा पहिला करार ३ ऑक्टोबर २०२४ ला झाला. वीज ढल्केबरहून मुझफ्फरपूरला, तिथून भारतीय ग्रिडमधून बहरामपूरला आणि मग भेरामाराला जाते. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी एक दिवस ती वाहिली. नियमित पुरवठा १५ जून २०२५ पासून, दरवर्षी पावसाळ्याच्या पाच महिन्यांसाठी. आकडा लहान आहे, पण या भागात तीन देशांनी मीटरचे आकडे, वहनखर्च आणि तोटा यांवर एकमत केल्याचे हे पहिलेच उदाहरण, म्हणून त्याचे मोल मोठे. अडचणी संपलेल्या नाहीत. भारताशी जमिनीची सीमा असलेल्या, पण वीज सहकार्याचा करार नसलेल्या देशाचा पैसा ज्या प्रकल्पात आहे, त्याची वीज भारत घेत नाही. चिनी सहभागाचे नेपाळी प्रकल्प त्यामुळे या बाजाराबाहेर राहतात आणि नेपाळची ही तक्रार जुनी आहे.

खंडाखंडांच्या योजना

सहाराच्या वाळवंटातले ऊन युरोपला विजेच्या रूपाने पुरवण्याची डेझर्टेक योजना २००९ मध्ये गाजावाजाने पुढे आली आणि काही वर्षांत मंदावली. युरोपातच सौरऊर्जा स्वस्त झाली. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांची स्वतःची वीजगरज आराखड्यात कुठे बसते, हाही प्रश्न होता. चीनने २०१६ मध्ये बीजिंगला जागतिक ग्रिडसाठी संघटना स्थापली. ‘एक सूर्य, एक जग, एक ग्रिड’ ही भारताची कल्पना २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या सभेत मांडली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे ब्रिटनसोबत तिचा उपक्रम जाहीर झाला. भारतापासून आखातापर्यंत समुद्राखालून केबल नेण्याचा विचार त्यातच येतो. घोषणेपेक्षा केबलचा खर्च कोण उचलणार आणि पंचवीस वर्षे वीज कोण घेणार हे दोन करार आधी व्हायला हवेत.

खंडांमधली चालती जोडणी पाहायची तर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीखाली पाहावी. स्पेन आणि मोरोक्को १९९७ पासून एसी केबलने जोडलेले आहेत. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा ग्रिड पुन्हा उभी करायला पहिला आधार मिळाला तो फ्रान्सकडून आणि मोरोक्कोकडून आलेल्या विजेचा.

त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला, रविवारी, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्या ग्रिड युरोपच्या तालात आल्या. त्याच रविवारी सकाळी श्रीलंकेत कोलंबोच्या दक्षिणेला असलेल्या पाणदुरा उपकेंद्रात माकड शिरले आणि देशभर वीज गेली. तमिळनाडूचा किनारा पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे सर्वांत जवळच्या जागी तीसेक किलोमीटरवर आहे. भारत आणि श्रीलंका या जोडणीची चर्चा कैक दशके करत आहेत. त्या सकाळी श्रीलंकेची ग्रिड सावरायला बाहेरून येणारी एकही तार नव्हती.