पार्श्वभूमी: महोत्सवातली विनोदाची रात्र आणि दहाचा काटा

कला महोत्सवात स्टँडअपचे दोन-तीन खेळ लागोपाठ बघायचे, मधल्या वेळात चहा घेत कलाकारांशी गप्पा मारायच्या, ही रात्र मराठवाड्यात नवी आहे. भारूड, वगातला सोंगाड्या, सोंगं घेणारा रायरंद, मुशायऱ्यातली हजल म्हणजे विनोदी गझल ही परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे, पण आजच्या रात्रीचं मूळ थेट तिच्यात शोधणं जरा ओढूनताणून होतं. जवळची मुळं दोन आहेत.

पहिलं म्हणजे विद्यापीठांचे युवक महोत्सव. तिथे मिमिक्रीला एक कलाकार आणि ५ मिनिटं, मूकाभिनयाला सहा जण आणि ५ मिनिटं, प्रहसनाला सहा जण आणि १० मिनिटं, असा साचा ठरलेला. लातूर, नांदेड, परभणीची पोरं त्यातूनच घडली. म्हणूनच ओपन माइकच्या, म्हणजे नवोदितांना खुल्या असलेल्या मंचावरच्या, ५ मिनिटांची त्यांना धास्ती वाटत नाही. अडतं ते दुसरीकडे. पुढाऱ्याचा आवाज काढून टाळी मिळते, पण आवाज संपले की स्वतःचं म्हणणं उरत नाही आणि ५ मिनिटांची २० होत नाहीत.

दुसरं मूळ औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या एकपात्री प्रयोगात आहे. त्यांनी एकट्याने ५२ पात्रं उभी केली. त्यांच्यामुळे एका माणसाकडे काही तास तिकीट काढून बघायची सवय इथल्या प्रेक्षकाला लागली. मराठवाडी बोली नुसती हशा पिकवायला नसते, तिच्यात अख्खं गाव मावतं, हेही त्यांनीच दाखवून दिलं. मालिकांनी ‘काय करायलास?’ला गावंढळ नोकराच्या तोंडी बसवलं होतं. आताची पोरं त्याच बोलीत पुण्याची खिल्ली उडवतात, त्याला हा आधार आहे.

मोठ्या महोत्सवांनी मात्र विनोदाला फार काळ दारातच ठेवलं. वेरूळचा महोत्सव आधी कैलास लेण्याच्या परिसरात होई, पुढे तो शहरात सोनेरी महालापाशी आला. २०१६ नंतर त्यात खंड पडला आणि २०२३ मध्ये तो पुन्हा भरला. त्याचा कणा शास्त्रीय गायन आणि नृत्य. विनोद असायचा तो निवेदकाच्या तोंडी, पडद्यामागे तबला लागेपर्यंत. दरम्यान २०१० मध्ये लंडनच्या एका कॉमेडी क्लबची शाखा मुंबईत लोअर परळला उघडली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि स्टँडअप बीड-धाराशिवच्या मोबाइलवर पोहोचलं. आयोजकांनी त्याला मंच दिला तो त्यानंतर.

मंच मिळाला, वेळ मात्र मिळाली नाही. याचं कारण ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. त्यातून सूट दोन प्रकारे मिळते. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर दहानंतरही कार्यक्रम चालतो. दुसरी सूट उघड्या जागेसाठी: सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांकरिता राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. ही तरतूद २००२ मध्ये आली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे, २०१० च्या दुरुस्तीने, हे दिवस आगाऊ जाहीर करायचे ठरलं.

वाद आहे तो या १५ दिवसांच्या वाटणीचा. गणपती, नवरात्र, जयंत्या, नाताळ, ३१ डिसेंबर यांतच बहुतेक दिवस संपतात. उरलेल्या एखाद-दुसऱ्या दिवसासाठी महोत्सवाचे आयोजक जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालतात. नियमात धार्मिक आणि सांस्कृतिक हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत, पण वाटणीत दुसरा शब्द कायम मागे राहतो. शिवाय सूट मिळते ती वेळेची, आवाजाची नव्हे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक, किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे हद्दीवर ५५. मंडप चारी बाजूंनी कापडाने झाकला की तो ‘बंदिस्त’ होतो, हा समज सर्रास आढळतो. पोलीस तो मानत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

फटका नेमका विनोदाला बसतो, कारण पत्रिकेत तो शेवटी असतो. सातचा कार्यक्रम पावणेआठला उघडतो. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि मनोगतं यांत पाऊण तास जातो. मग गाणं, मग नाच. कॉमेडियनच्या हाती माइक येतो तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात. सूत्रसंचालक ७ मिनिटं, दोन नवोदित प्रत्येकी १० आणि मुख्य कलाकार ४० असा तासाभराहून थोडा मोठा घाट अर्ध्या तासात कोंबला की आधी नवोदित कापले जातात. त्यात पहिल्या रांगेत सोफे आणि सोफ्यांवर सत्कारमूर्ती. हशा पुढून मागे पसरतो, आणि पुढेच शांतता असेल तर मागची रांगही आवरतं घेते.

उघड्यावर हसू हवेत विरतं. बोलणाऱ्याला ते ऐकू येत नाही, मग तो थांबायच्या जागी थांबत नाही आणि पुढचं वाक्य हशात बुडतं. यावर उपाय म्हणजे मंचापासून पहिली रांग दोन मीटरच्या आत, खुर्च्या खेटून, प्रेक्षकांवरचा उजेड मंद. स्पीकर माइकच्या पुढच्या रेषेत ठेवावेत, नाहीतर शिट्टी येते. जनरेटर मंचामागे नको, लांब केबल टाकून आडोशाला.

संहितेचा प्रश्न वेगळा. नाटकाची संहिता राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाकडून आधी तपासून घ्यायची, ही १९५० च्या दशकातली पद्धत. २०१६ मध्ये एका ज्येष्ठ अभिनेत्याने तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. प्रेक्षकांशी होणारा संवाद संहितेत लिहिणार कसा, हा स्टँडअपवाल्यांचा प्रश्न रास्त आहे.

या सगळ्यामुळे आता छोटे आयोजक शंभर-दीडशे खुर्च्यांच्या महाविद्यालयीन सभागृहांकडे वळतात. तिथे दहाची भीती नाही, पण भाडं सत्राप्रमाणे असतं. दोन खेळांमध्ये २० मिनिटं मोकळी ठेवली नाहीत तर गप्पांची गर्दी दारातच अडते आणि पुढचा खेळ उशिरा सुरू होतो. चहाचा ठेला प्रवेशद्वारापासून लांब, पार्किंगच्या बाजूला लावला की ही गर्दी आपोआप बाहेर सरकते.