अमेरिकी सैन्याधिकाऱ्यांची धार्मिक अभिव्यक्ती

अमेरिकी सैन्यदलांतील अधिकाऱ्याने गणवेशात किंवा कामाच्या जागी आपली श्रद्धा कितपत प्रकट करावी, हा तिथल्या घटनाकायद्यातील जुना आणि अजूनही न मिटलेला प्रश्न आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनुसार सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि कुणाच्या धर्माचरणाला आडकाठीही करायची नाही. १८०२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी डॅनबरीच्या बाप्टिस्टांना, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, लिहिलेल्या पत्रात धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामधील भिंतीचा उल्लेख केला, तो पुढे न्यायालयांनी उचलून धरला.

अधिकारी नागरिकही असतो, म्हणून श्रद्धेचे स्वातंत्र्य त्यालाही आहे. मात्र हाताखालच्या सैनिकाच्या लेखी तोच सरकार. बढतीची शिफारस, रजा, कामगिरीचा शेरा सगळे त्याच्या हाती. अशा माणसाने सहज म्हटलेले ‘रविवारी चर्चला ये’ हे निमंत्रण राहत नाही. नाही म्हणण्याची किंमत काय पडेल, याचा हिशेब सैनिकाला करावाच लागतो. वादाचे खरे मूळ हुद्द्यात आहे.

सैन्यात पगारी धर्मोपदेशक, म्हणजे चॅप्लेन, १७७५ पासून आहेत. हार्वर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या दोघांनी या पदांनाच आव्हान दिले. १९८५ मध्ये काटकॉफ विरुद्ध मार्श खटल्यात अपील न्यायालयाने चॅप्लेनची व्यवस्था वैध ठरवली. सरकारच सैनिकाला घरापासून दूर नेते, तेव्हा उपासनेची सोय न करणे म्हणजे त्याचे धर्मस्वातंत्र्य हिरावणे, असा त्यामागचा विचार होता. सक्तीला मात्र जागा नव्हती. सैनिकी अकादमींतील विद्यार्थ्यांना प्रार्थनेला हजर राहणे बंधनकारक होते, ती प्रथा १९७२ मध्ये अँडरसन विरुद्ध लेअर्ड खटल्यात रद्द झाली होती.

वेशभूषेबाबत न्यायालय कठोर राहिले. हवाई दलातील एका ज्यू मानसशास्त्रज्ञाला गणवेशासोबत यार्मुल्का ही टोपी घालू दिली नाही, आणि गोल्डमन विरुद्ध वाइनबर्गर खटल्यात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी हवाई दलाची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून नीटनेटक्या, साध्या धार्मिक वस्त्रांना वाट मोकळी केली. स्वतःच्या डोक्यावरच्या टोपीने कुणावर दडपण येत नाही, तेव्हा ही दुरुस्ती योग्यच म्हणावी लागेल.

२००० नंतरचे वाद वेगळ्या जातीचे होते. लेफ्टनंट जनरल विल्यम बॉयकिन यांनी गणवेशात चर्चमधून भाषणे केली. सोमालियातील एका मुस्लिम युद्धनेत्याच्या संदर्भात ‘माझा देव त्याच्या देवापेक्षा मोठा’ अशा आशयाचे त्यांचे विधान २००३ मध्ये गाजले. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीत फुटबॉल प्रशिक्षकाने खेळाडूंच्या खोलीत ‘मी ख्रिस्ताच्या संघातला’ अशा आशयाचा फलक लावला होता. २००५ च्या चौकशीत उघड भेदभाव आढळला नाही, पण इतरांच्या श्रद्धांविषयीची बेफिकिरी नोंदवली गेली. त्यानंतर पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, गणवेशातील अधिकाऱ्यांनी एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रचारपटात भाग घेतल्याचे उघड झाले. २००७ च्या अहवालात काही जनरलांसह अनेकांवर नियमभंगाचा ठपका आला. एका जनरलचे स्पष्टीकरण असे, की ही संस्था जवळपास सरकारीच आहे असे त्याला वाटले होते. ती संस्था पेंटॅगॉनमध्ये किती मुरली होती, हे त्या उत्तरातून जितके कळते तितके इतर कशातून कळत नाही.

२०१२ मध्ये हवाई दलाने लेखी नियम केला : वरिष्ठांनी पदाचा वापर करून, किंवा तसे भासेल अशा रीतीने, हाताखालच्यांमध्ये स्वतःच्या धर्माचा प्रसार करू नये. यामुळे अधिकाऱ्यांचीच मुस्कटदाबी होते, अशी ओरड झाली आणि २०१४ मध्ये मजकुरात बदल करण्यात आला. २०१७ मध्ये भूदलाने शीख सैनिकांना पगडी व दाढी ठेवण्याची परवानगी मिळणे सुलभ केले.

भारतीय सेनेची वाट निराळी आहे. रेजिमेंटमध्ये धर्मगुरू असतात, सर्व धर्म स्थळ असते, मराठा लाइट इन्फंट्रीसारख्या पलटणींची युद्धघोषणाही परंपरेतून आलेली असते आणि अधिकाऱ्याने जवानांच्या उपासनेत सामील व्हावे अशी अपेक्षा असते. घटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. रेजिमेंटच्या मंदिराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.