टिपर

मागचा हौदा हायड्रॉलिक जॅकने उचलून माल ओतणारा ट्रक. खडी, मुरूम, वाळू, डबर वाहण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात टिपर, डंपर आणि हायवा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘हायवा’ हे मुळात जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचे नाव. तेच पुढे अख्ख्या गाडीला चिकटले.

हौदा चासीच्या मागच्या टोकाला जाड पिनांवर बसवलेला असतो. जॅक केबिनच्या पाठीशी उभा किंवा हौद्याच्या पोटाखाली असतो. गाडी उभी करून न्यूट्रलवर आणतात आणि क्लच दाबून पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी, लावतात. मग गिअरबॉक्सवर पंप फिरू लागतो आणि टाकीतले तेल जॅकमध्ये जाते. जॅकमध्ये एकात एक बसलेल्या तीन ते पाच नळ्या असतात. जाड नळी आधी सरकते, कारण तिच्या मोठ्या क्षेत्रफळामुळे कमी दाबातही जोर जास्त मिळतो. माल आणि हौदा मिळून 20 टन धरले, तर पुढच्या जॅकवर सुरुवातीला साधारण निम्मा भार येतो. हौदा चढत जातो तसा माल घसरून भार घटतो, म्हणून शेवटच्या बारीक नळीला काम झेपते. पूर्ण उचलीचा कोन 45 ते 50 अंश. उतरवायला पंप लागत नाही. व्हॉल्व्ह उघडला की हौदा स्वतःच्या वजनाने खाली येतो.

ओला मुरूम मात्र हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत चिकटून बसतो. मागचा माल पडतो, पुढचा वरच राहतो आणि सगळा भार बारीक नळीवर येतो. अशा वेळी गाडी झटके देत पुढेमागे करण्याची सवय वाईट: नळी वाकते, सील फाटतात. हौदा उतरवून चिकटलेला माल खणून काढणेच बरे.

उलटण्याचे कारण बहुधा जमीन असते. ताज्या भरावात एका बाजूची चाके 10 सेंमी खचली, तर 5 मीटर उंचीवरची कड पाव मीटरहून अधिक झुकते. फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, कडी उघडायची राहिली, तर सगळा माल मागे सरकून गाडीचे तोंड उचलले जाते.

हौदा शेवटच्या टप्प्यात अडला, तर आधी तेलाची पातळी पाहावी. धक्के देत चढत असेल, तर तेलात हवा आहे. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. पीटीओ काढायचा विसरून गाडी पळवली की पंप तापून जाम होतो, क्वचित चालत्या गाडीचा हौदा वर येऊन विजेच्या तारांना भिडतो.

माल ब्रासवर विकला जातो, कायदा मात्र टन मोजतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरडी वाळू असेल, तर सुमारे साडेचार टन. दहा टायरी गाडीचे मालासह एकूण वजन 28 टनांच्या आसपास आणि रिकामे 11 टन धरले, तर चार ब्रासही जड होतात. हौद्यात मात्र पाच ब्रास सहज मावतात.

उचललेल्या हौद्याखाली काम करताना जॅकच्या भरवशावर राहू नये. रिकाम्या हौद्याला आधी लोखंडी टेकू लावावा.