बिनपाण्याची हजामत: दाढीनंतर त्वचा कोरडी का पडते

'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याला वस्तऱ्याचं मर्म ठाऊक होतं. साबण येण्याआधी दाढी मऊ करायला न्हाव्याच्या धोकटीत पाण्याच्या वाटीखेरीज दुसरं काही नसायचं. ओली बोटं गालावर आणि हनुवटीवर दोन-तीन मिनिटं चोळत राहायची आणि केस हाताला मऊ लागला की मगच वस्तरा उघडायचा. सुकलेला दाढीचा केस राठ असतो. तोच पाणी पिऊन फुगला की कापायला कितीतरी कमी जोर लागतो. जोर कमी लागला की पातं त्वचेचा वरचा थर खरवडत नाही, आणि त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा थर तोच असतो.

त्या काळी त्वचेला आणखी एक सवलत होती. ठरावीक वारी आणि अमावास्येला श्मश्रू वर्ज्य असायची, त्यामुळे दोन हजामतींत काही दिवस जायचे. सोललेला थर भरून यायला तेवढी सवड मिळायची.

दुसरा रिवाज मात्र आजही अडचणीचा ठरतो. श्मश्रू झाली की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही, म्हणून दाढी कायम आंघोळीआधी. पुण्यातल्या कित्येक घरांत आजही तोच क्रम आहे. यात दोन गोष्टी बिघडतात. केस न भिजताच पात्याखाली येतो, आणि नुकत्याच तासलेल्या गालांवर पुन्हा कढत पाणी आणि अंगाचा साबण पडतो. पूर्वी बंबातलं, आता गीझरचं. क्रम बदलायची गरज नाही. गरम पाण्यात पिळलेला पंचा किंवा नॅपकिन दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरावा, आणि नंतरच्या आंघोळीत गळ्याच्या वर साबण लावू नये. एवढ्या दोन बदलांनी बऱ्याच जणांची तक्रार निम्मी होते.

ब्रशने फेस काढायची रीत युरोपातली, अठराव्या शतकापासूनची. 1818 साली पेशवाई गेली, कॅम्प ही इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि गोऱ्या साहेबाची ही सवय पुणेकरांना जवळून दिसू लागली. युरोपात दाढीचा साबण प्राण्यांच्या चरबीचा असे. त्या चरबीत स्टिअरिक आम्ल हा घट्ट मेदाचा घटक भरपूर, म्हणून फेस बारीक, दाट आणि टिकाऊ. आपल्याकडे चरबी तोंडाला लावणं अनेकांना मान्य होण्यासारखं नव्हतं. 1918 साली गोदरेजने वनस्पती तेलांचा साबण काढला, त्यामागे हीच नड होती. पण तेलातेलांत फरक आहे. खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस झटकन आणि भरघोस येतो, मात्र तो त्वचेचं तेलही जास्त ओढतो आणि मोठमोठे बुडबुडे होऊन लवकर विरतो. म्हणून दाढीच्या चांगल्या साबणात खोबरेल थोडं आणि स्टिअरिक आम्ल जास्त असतं. वेष्टनावर पोटॅशियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक ॲसिड पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर वडी दाढीसाठीच बनवलेली आहे असं समजावं.

पोटॅशियमचं महत्त्व असं की कॉस्टिक सोड्याने केलेला साबण कडक होतो, कॉस्टिक पोटॅशने, म्हणजे पोटॅशियमच्या अल्कलीने, केलेला मऊ होतो आणि पाण्यात सहज विरघळतो. अंगाच्या साबणात मुख्यतः सोडा, दाढीच्या क्रीममध्ये मुख्यतः पोटॅश, दाढीच्या वडीत दोन्ही. अंगाच्या साबणाने दाढी केली की दुसरा गाल होईपर्यंत पहिल्यावरचा फेस सुकतो, तो यामुळेच.

ग्लिसरीनचीही एक कथा आहे. साबण बनताना ते आपोआप तयार होतं आणि ते पाणी धरून ठेवतं. 1867 साली नोबेलने ग्लिसरीनपासून बनणाऱ्या डायनामाइट या स्फोटकाचं पेटंट घेतलं, ग्लिसरीनची मागणी वाढली आणि पुढे कारखाने ते साबणातून वेगळं काढून विकू लागले. अंगाच्या साबणातून जे गेलं, ते दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये ठेवावं किंवा वरून घालावं लागतं.

1903 साली जिलेटचा सेफ्टी रेझर बाजारात आला आणि न्हाव्याची वाट बघायचं कारण उरलं नाही. हळूहळू दाढी रोजची झाली. मग वेळ वाचवणं सुरू झालं: 1919 मध्ये अमेरिकेत ब्रशशिवाय लावायची क्रीम, त्यानंतर डब्यातला तयार फेस. आमच्या मते खरं नुकसान इथे झालं. प्रत्येक पायरीवर मिनिटं कमी झाली, म्हणजेच पाणी कमी झालं.

साबण किंवा फेसाची क्रीम कोणतीही घ्या, ती बहुतेक अल्कधर्मीच असते. साबणाचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, 7 च्या वर अल्कधर्मी) 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास. हा फरक मोडता येत नाही, पण साबण पातळ करून आणि चेहऱ्यावर कमी वेळ ठेवून त्याचा त्रास कमी करता येतो. ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकावा. बदामाएवढी क्रीम वाटीत घेऊन घोळवावी आणि पाणी थेंबाथेंबाने घालत जावं, एकूण दोन लहान चमचे. बहुतेकांचा हात पहिल्या अर्ध्या चमच्यालाच थांबतो, कारण फेस तेवढ्यातच फुगलेला दिसतो. तो फेस पांढरा, कोरडा, कापसासारखा असतो. आणखी पाणी घालत घोळवलं की तो खाली बसतो, बुडबुडे दिसेनासे होतात आणि वर कवडीदह्यासारखी चकाकी येते. ब्रश उचलल्यावर टोक उभं न राहता वाकलं पाहिजे. फेस गळ्यावरून ओघळला तर पाणी जास्त झालं. थोडी क्रीम वाढवावी. रेझरचा एक हात केसाच्या दिशेने, दुसरा आडवा, आणि दर वेळी नवा फेस. उलटा हात रोज मारू नये.

पुण्याची हवा नोव्हेंबरपासून कोरडी होते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी तर फारच. अशा हवेत नुसतं ग्लिसरीन लावलं तर ते त्वचेतलंच पाणी ओढतं. एक भाग ग्लिसरीन, चार भाग गुलाबपाणी, तेही चेहरा टिपल्यावर ओलसर असतानाच, आणि वर खोबरेलाचा एक थेंब तळहातावर चोळून. हिवाळी मिश्रणात लिंबू पिळायची पद्धत आहे, ती दाढीच्या दिवशी टाळावी. तुरटी जखमेचं रक्त थांबवते, पण त्वचा आवळून कोरडी करते. फिरवली तर अर्ध्या मिनिटात धुवावी. स्पिरिटचं आफ्टरशेव्ह या महिन्यांत बाजूला ठेवावं.

राहतं पाणी. खडकवासल्याचं नळाचं पाणी फेसाला फारसा त्रास देत नाही. उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, आणि बेसाल्टच्या खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाशी जमून त्याचा चिकट साका होतो, तोच बादलीच्या कडेला दिसतो आणि गालावर बसून खाज आणतो. क्रीम जास्त घेऊन तो जात नाही, वाढतोच. पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी तांब्याभर काढून ठेवावं (साध्या फिल्टरने हे क्षार जात नाहीत), फेस त्यातच काढावा आणि शेवटी चेहराही त्यानेच धुवावा.